दामाचा विसावा हिस्सा

आमच्या घरी घड्याळ येण्याच्या कितीतरी आधी काटा आला, असे आजी सांगते. आबाजी मापारी होते आणि बाबाही मापारीच आहेत. बाजारात शेतकऱ्याचे पोते काट्यावर चढते तेव्हा वजन वाचून मोठ्याने सांगणारा आणि चिठ्ठीवर टिपणारा जो माणूस, तो मापारी. अडत्या वेगळा, हमाल वेगळा आणि मापारी वेगळा. माल देणाऱ्याला वाटते याने कमी वाचले, घेणाऱ्याला वाटते जास्त वाचले. दोघांच्या मधोमध उभे राहून दोघांचेही बोल ऐकायचे, असा हा धंदा. मागच्या वर्षी कॉलेजचा फॉर्म भरताना वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी शेती असे लिहिले होते. आमचे दीड एकर कोरडवाहू आहे, तेव्हा ते अगदीच खोटे नव्हते. पण खरेही नव्हते, आणि ते लिहिताना मी शेजारी बसलेल्या मुलीपासून कागद हाताने झाकला होता, हे मला चांगले आठवते.

वार्षिक अंकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहा, असे मराठीच्या मॅडमनी सांगितले तेव्हा सर्वांना वाटले, रिद्धपूरची मुलगी गोविंदप्रभूंवर तरी लिहील किंवा म्हाइंभटांवर तरी. ते साहजिकही होते. आमचे गाव महानुभावांची काशी. मराठीतला आद्य गद्य ग्रंथ लीळाचरित्र आमच्याच गावात शके १२०० च्या, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झाला, आणि त्या पुण्याईवर २०२४ पासून गावात मराठी भाषा विद्यापीठाचे कामही सुरू झाले आहे. पण मी निवडले भास्कराचार्यांना. गणितात दहावीला जेमतेम पास झालेल्या मुलीने गणित्याचे चरित्र लिहावे, याचे मैत्रिणींना हसू आले. त्याला कारण झाली एक कवडी.

झाले असे की, लीळाचरित्रातील उतारे वाचताना मला जागोजागी दाम हा शब्द भेटला. दामाचे हे घेतले, दामाचे ते दिले. आपण सहज म्हणतो दाम मोजले, पण हा दाम म्हणजे नेमके किती? आजच्या किती रुपयांचा? मी वर्गात विचारले. सर हसले नाहीत. ते म्हणाले की त्या काळच्या नाण्यांचा हिशेब हवा असेल तर त्याच्याही आधीच्या शतकातल्या एका गणिताच्या पुस्तकाचे पहिले पान पाहा. ते पुस्तक लीलावती. ग्रंथालयात ना. ह. फडके यांचे १९७१ साली प्रसिद्ध झालेले लीलावती पुनर्दर्शन निघाले. त्यात मूळ संस्कृत आणि मराठी अर्थ दोन्ही आहेत, म्हणून माझ्यासारखीला ते वाचता आले.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली झाला. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे, त्यामुळे त्यात घोळ नाही. आपल्याकडच्या जुन्या थोर पुरुषांत ही गोष्ट किती दुर्मीळ आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. गाव कोणते तेही त्यांनी सांगितले आहे. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड. पण ते आजचे कोणते गाव, यावर विद्वानांचे वाद आहेत. कोणी विजापूर म्हणतात, कोणी बीड, तर कोणी चाळीसगावजवळचे पाटण. ज्याला त्याला ते आपल्या जिल्ह्यात हवे आहेत. वऱ्हाडात मात्र त्यांना कोणी ओढले नाही, याचे मला थोडे वाईट वाटते.

त्यांचे गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर हे स्वतः मोठे ज्योतिषी, आणि तेच त्यांचे गुरू. घराणेच विद्येचे होते. त्रिविक्रम, त्यांचे पुत्र भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि मग आपले भास्कराचार्य. पुढे पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चंगदेव. नऊ पिढ्यांची नावे दगडावर कोरलेली आजही वाचता येतात. तो दगड कुठला, ते पुढे येईलच. आमच्या घरात पणजोबांच्या वरचे नाव कोणाला सांगता येत नाही आणि अक्षर ओळखणारे पहिले माणूस म्हणजे बाबा, तेही सातवीपर्यंत. तेव्हा अशी यादी वाचली की मनात थोडा हेवा उत्पन्न होतो. तो मी लपवत नाही.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग आहेत. लीलावती म्हणजे अंकगणित, मग बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. त्यावर स्वतःच टीकाही लिहिली, म्हणजे विद्यार्थ्यांना अडायला नको. पुढे एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ च्या सुमारास, करणकुतूहल हा पंचांगाच्या गणितासाठीचा छोटा ग्रंथ त्यांनी लिहिला. म्हातारपणी माणूस मोठमोठे बोलू लागतो; त्यांनी मात्र रोजच्या आकडेमोडीचे हातपुस्तक लिहिले. शून्याने भागले तर काय होते, चक्रवाल पद्धतीने अवघड समीकरण कसे सोडवावे, ग्रहाची क्षणाक्षणाची गती कशी मोजावी, हे त्यांच्या ग्रंथांतले मोठे विषय आहेत. त्यांच्या एका उदाहरणातले समीकरण फ्रान्सच्या फर्मा या गणित्याने १६५७ साली युरोपातील गणित्यांपुढे आव्हान म्हणून ठेवले होते. भास्कराचार्यांनी ते पाचशे वर्षे आधीच सोडवून टाकले होते. यावर विज्ञान शाखेच्या कोणी तरी लिहावे. मला त्यातले फार कळत नाही आणि कळल्याचा आव आणायचा नाही.

मी थांबले ती पहिल्या पानावर.

आकाशातले ग्रह मोजायला निघालेल्या या माणसाने सुरुवात कुठून केली असेल? कवडीपासून. मंगलाचरण झाले की लगेच बाजार सुरू होतो. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. हाच द्रम्म पुढे मराठीत दाम झाला. म्हणजे एका दामाच्या कवड्या झाल्या बाराशे ऐंशी. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले, पण आता पान उलटवेना.

नाण्यांनंतर वजने येतात. दोन जवांची एक गुंज, तीन गुंजांचा एक वाल, आठ वालांचे एक धरण, दोन धरणांचा एक गद्याणक. दुसरा हिशेब माशांचा. पाच गुंजांचा मासा, सोळा माशांचा कर्ष आणि चार कर्षांचे एक पळ. आजीचे डोरले आजही आमच्या घरात तोळ्या-माशांनीच सांगितले जाते. फरक इतकाच की सोनाराचा मासा आठ गुंजांचा आणि तोळा बारा माशांचा. मग लांबी. आठ जवांची जाडी म्हणजे एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा कोस. शेवटी धान्य. एक हात लांब, एक हात रुंद आणि एक हात उंच अशा मापात मावते ती खारी. तिचा सोळावा हिस्सा द्रोण, द्रोणाचा चौथा आढक, आढकाचा चौथा प्रस्थ आणि प्रस्थाचा चौथा कुडव. हा कुडव वाचून मी चमकले. भंडारा-चंद्रपूरकडचे लोक धान मोजताना कुडो म्हणतात, तो हाच शब्द. माप बदलले, पण नाव तेच राहिले.

आणि ही सारी कोष्टके देऊन झाल्यावर भास्कराचार्य एक मोठी गमतीची गोष्ट करतात. काळ वगैरेंच्या बाकीच्या परिभाषा लोकांत प्रसिद्धच आहेत, त्या तिथूनच समजून घ्याव्यात, असे सांगून ते पुढे जातात. एवढा मोठा आचार्य विद्यार्थ्याला लोकांकडे पाठवतो! पुढे त्यांच्या ग्रंथाची नक्कल करणाऱ्यांनीही ते मनावर घेतलेले दिसते. काही हस्तलिखितांत कोणी तरी मागाहून चाळीस शेरांचा मण हे तुरुष्कांचे मापही घालून ठेवले आहे. बाजार बदलला तसे पुस्तक बदलले. आबाजींच्या तरुणपणीचा मणही चाळीस शेरांचाच होता.

आता थोडे विषयांतर. द्रम्म हा शब्द मुळात आपला नाही. तो ग्रीकांच्या द्राख्मा या नाण्यावरून आला, आणि औषधांच्या जुन्या मापातला ड्राम हाही त्याचाच भाऊ. हे ऐकल्यावर मी इतिहासाच्या सरांच्या मागे लागले, की मग रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत नाण्यांच्या हिश्श्यांना काय म्हणत असत? त्यांनी फळ्यावर लिहून दाखवले. रोमन लोकांचे ब्राँझचे नाणे अ‍ॅस. त्याचे भाग बारा. प्रत्येक भाग म्हणजे उंकिया. या एका उंकियावरून इंग्रजीत औंसही आला आणि इंचही आला, कारण दोन्ही बारावे हिस्सेच होते. अर्ध्याला सेमिस, तिसऱ्या हिश्श्याला ट्रिएन्स, पावाला क्वाड्रान्स, सहाव्या हिश्श्याला सेक्स्टान्स. रोमच्या सार्वजनिक स्नानगृहात आंघोळीला एक क्वाड्रान्स पडत असे, म्हणजे ते तिथल्या गरिबाचे नाणे.

पण खरे नवल पुढेच आहे. त्यांचे एक चांदीचे नाणे होते सेस्टर्टियस. मुळात ते अडीच अ‍ॅसचे. या शब्दाची फोड सेमिस आणि टर्टियस, म्हणजे तिसरा अर्धा. पहिला पूर्ण, दुसरा पूर्ण आणि तिसरा अर्धा, असे अडीच. सर हे सांगत असतानाच मराठीच्या मॅडम तिथे आल्या आणि म्हणाल्या की आपला अडीचही तसाच आहे. संस्कृतात अर्धतृतीय, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे तो. प्राकृतातून झिजत झिजत तो अडीच झाला. साडेतीनाला जुना शब्द औट, तो अर्धचतुर्थ, म्हणजे चौथा अर्धा. सव्वा म्हणजे सपाद, पाऊण म्हणजे पादोन, पावाने उणा. कुठे रोम आणि कुठे आमचा आठवडी बाजार! दोन्हीकडच्या माणसांना अडीच म्हणताना तिसऱ्याचे अर्धेपणच आधी दिसले.

मला हे ऐकून घरी जाण्याची घाई झाली, कारण औटकी हा शब्द मी आबाजींच्या तोंडून ऐकला होता. आबाजी शाळेत एक दिवसही गेले नाहीत. पण पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे सगळे पाढे त्यांना पाठ. त्यांच्या वडिलांनी खळ्यावर धान्य मोजता मोजता ते शिकवले. पायलीने मोजताना पहिल्या मापाला ते एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लहानपणी मला वाटायचे आबाजींना एक येतच नाही. आमच्या शाळेच्या पुस्तकात हे पाढे नव्हते. तिथे अंश होता, छेद होता, आणि लसावि काढताना माझ्या हाताला घाम येत असे. औटकी आणि साडेतीन गुणिले आठ ही एकच गोष्ट आहे, हे मला कोणी सांगितले नाही. आणि मलाही कधी विचारावेसे वाटले नाही, कारण आबाजींचे ते अडाण्याचे गणित आणि शाळेतले ते खरे, असे मी धरून चालले होते.

तर ती कवडी. लीलावतीत अपूर्णांकांवर एक उदाहरण आहे. एका याचकाने एका कंजूष माणसाकडे हात पसरला. त्या कंजुषाने किती दिले? तर एका द्रम्माच्या निम्म्याचे दोन तृतीयांश, त्याचा पाऊण हिस्सा, त्याचा पाचवा, त्याचा सोळावा आणि त्याचा चौथा हिस्सा. मग त्याने किती कवड्या दिल्या ते सांग. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि दोनदा चुकले. आबाजी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. मी त्यांना सांगितले की दामाच्या कवड्या बाराशे ऐंशी, आणि हिस्से असे असे. त्यांनी शेंगा सोलणे थांबवले नाही. बाराशे ऐंशीचे पाऊणपट नऊशे साठ. त्याचे तीन वाटे करून दोन उचलले, सहाशे चाळीस. निम्मे तीनशे वीस. पाच वाटे केले, चौसष्ट. सोळा वाटे केले, चार. त्याचा पाव, एक. हिस्से त्यांनी आपल्या सोयीने मागेपुढे केले, आणि तसे केले तरी चालते हे त्यांना ठाऊक होते. मग ते इतके हसले की शेंगांचे टोपले कलंडले. एवढा हिशेब मांडून दिले काय, तर एक कवडी! आठशे पंचाहत्तर वर्षांपूर्वी लिहिलेला विनोद आमच्या ओट्यावर बसून एका निरक्षर माणसाला माझ्या आधी कळला.

मग मी त्यांना एकामागून एक उदाहरणे सांगू लागले. दामाला तीनशे आंबे आणि पणाला तीस डाळिंबे, तर दहा आंब्यांच्या बदल्यात डाळिंबे किती? सोळा. हे त्यांनी सहज काढले. पण आम्हा दोघांनाही जास्त आवडला तो खिचडीचा हिशेब. एक वाटसरू वाण्याच्या दुकानी येतो. तांदूळ दामाला औट मापे, मूग दामाला आठ मापे. वाटसरूजवळ तेरा काकिणी आहेत. तो म्हणतो की दोन वाटे तांदूळ आणि एक वाटा मूग लवकर दे. पटकन खाऊन निघायचे आहे, नाही तर तांडा पुढे निघून जाईल. उत्तर असे येते की तांदळाला दहा काकिणी आणि सव्वातेराहून किंचित जास्त कवड्या, आणि मुगाला दोन काकिणी आणि पावणेसात कवड्यांना जरा कमी. नेमके सांगायचे तर एकीकडे कवडीचा तिसरा हिस्सा आणि दुसरीकडे दोन तृतीयांश. कवडीचे तुकडे बाजारात कोण देणार? भास्कराचार्य देतात. वाटसरूची घाई, दुकानदाराचा हात आणि गणिताचा काटेकोरपणा हे तिन्ही एका श्लोकात बसवणे सोपे नाही. कमळ, भुंगे, मोर आणि साप यांची त्यांची उदाहरणे फार प्रसिद्ध आहेत आणि सगळीकडे तीच सांगितली जातात. माझे मन मात्र या वाण्याच्या दुकानापाशीच रेंगाळते.

लीलावतीची दंतकथा येथे सांगितलीच पाहिजे, नाही तर आजी रागावेल. भास्कराचार्यांना लीलावती नावाची मुलगी होती. तिच्या पत्रिकेत वैधव्य होते. एकच मुहूर्त असा होता की तो साधला तर ते टळेल. त्यासाठी घटिकापात्र मांडले. पण मुलगी कुतूहलाने डोकावली, तिच्या अंगावरचा मोती पात्रात पडून भोक बुजले, आणि मुहूर्त टळला. मग तिचे मन रमावे म्हणून वडिलांनी तिच्या नावाचे पुस्तक लिहिले. ही कथा अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ साली लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्यात आढळते. म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशे वर्षांहून अधिक काळाने. मूळ ग्रंथात तिचा मागमूस नाही. तिथे भास्कराचार्य कधी बालेला हाक मारतात, कधी हरिणाक्षीला, पण कधी मित्रालाही आणि वाण्यालाही.

आजीला ही कथा खरी वाटते आणि ती ऐकताना तिच्या डोळ्यांत पाणी येते. मला ती पटत नाही. मुलीला गणित शिकवायचे तर आधी तिचे कपाळ पांढरे व्हायला हवे, असे का? ती हुशार होती म्हणून शिकवले, एवढे कारण पुरत नाही का? बारावीनंतर आमच्याकडेही मुहूर्ताची बोलणी सुरू झाली होती. एका नातेवाइकांनी बाबांना हिशेब करून दाखवला की मुलीच्या तीन वर्षांच्या शिक्षणात लग्नाचा मांडव उभा राहतो. हिशेब चुकला नव्हता. बाबांनी तो ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी माझी फी भरली. असो.

आता तो दगड. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने बोलावून आपल्या पंडितांचे प्रमुख केले. नातू चंगदेव हे सिंघण राजाचे मुख्य ज्योतिषी झाले. या चंगदेवांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटण येथे मठ काढला. मठ म्हणजे पाठशाळाच. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात सापडला आणि डॉ. भाऊ दाजी यांनी तो १८६५ साली विद्वानांपुढे आणला. लेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०६-०७ च्या सुमाराचा. आमच्या लीळाचरित्राहून सुमारे सत्तर वर्षांनी वडील. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोन्हदेवाने मठाला काय काय दिले, ते त्यात आहे. घराण्याची थोरवी, भास्कराचार्यांची स्तुती हे सारे संस्कृतात. पण मठाला बाजारातून काय मिळायचे हे सांगायची वेळ आली तेव्हा भाषा बदलते आणि दगड मराठीत बोलू लागतो. मला वाटते, याचे कारण साधे आहे. स्तुती पंडितांनी वाचायची होती. तेल आणि सुपारी ज्यांनी द्यायची त्यांना मात्र ते कळायला हवे होते.

काय मिळायचे मठाला? बाजारात येणाऱ्या मालावर राजाचा जो हिस्सा गिऱ्हाइकाकडून येई, तो मठाला. नगराने दिला आसूमागे दामाचा विसावा हिस्सा. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांकडून पळी पळी तेल. (आसू हे वाचून मी रोमन अ‍ॅसकडे धाव घेतली होती. केवळ उच्चार जुळला म्हणून नाते जोडायचे नसते, असे सरांनी बजावले.) शून्यावर विचार करणाऱ्या आणि ग्रहांच्या गती मोजणाऱ्या माणसाची विद्या पुढच्या पिढ्यांना शिकवली जावी, याचा खर्च अशा पळीपळीने आणि विसाव्या हिश्श्याने भागायचा होता. राजाने एक मोठी थैली दिली आणि काम झाले, असे नाही. गणिताच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर जो बाजार होता, तोच अर्ध्या शतकानंतर त्या पुस्तकाला पोसायला उभा राहिला.

आणि याच ओळींत पुढे आहे की या ठिकाणी जे काही मापले जाईल ते मठाच्या मापाने मापावे. मापाईचा अर्धा भाग मठाला आणि अर्धा मापाऱ्याला. मापाऱ्यासाठी तिथे मापहारी असा शब्द आहे. मी तो शब्द तीन वेळा वाचला. मग फडके यांचे पुस्तक मिटून ग्रंथालयाच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. नऊ पिढ्यांच्या त्या विद्वान नावांच्या खाली, त्याच दगडावर, बाबांचा धंदा कोरलेला होता. नाव नव्हते. नाव असण्याचे कारणही नव्हते. पण त्याचा अर्धा वाटा नोंदलेला होता आणि तो कोणाला कमी करता येऊ नये म्हणून दगडावर नोंदलेला होता.

यंदा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना व्यवसायाच्या रकान्यात मी मापारी असे लिहिले. तिथे बसलेल्या गृहस्थांनी विचारले, हे काय असते? मी सांगितले. त्यांनी यादीत हा शब्द नाही म्हणून इतर या खणात खूण केली.

पाटणचा तो मठ आज नाही. कधी बंद पडला, त्याची पोथ्यांची कपाटे कुठे गेली, घाण्यांची तेलाची पळी शेवटची कोणी ओतली, हे कोणी टिपून ठेवले नाही. लीलावती मात्र हिंडत राहिली. फैजीने ती फारसीत नेली, १८१७ साली कोलब्रुक यांनी इंग्रजीत नेली, आणि तिच्या टीकांच्या पोथ्या तर देशभर सापडतात. पुस्तकातली नाणी आता कोणाच्याच खिशात नाहीत. १ एप्रिल १९५७ ला आणे आणि पैही गेले. दाम तेवढा भाषेत राहिला, आणि कवडी राहिली ती बहुधा कवडीमोल भावापुरती. सोयाबीनचा भाव उतरला की बाजारात तो शब्द आजही दिवसातून दहा वेळा ऐकू येतो.

मला पाटणला जायचे आहे. बडनेऱ्याहून चाळीसगावला थेट रेल्वे आहे, पुढे एसटीचा रस्ता. दिवाळीच्या सुटीत मी बाबांजवळ हे काढले तेव्हा ते बाजारातून नुकतेच आले होते आणि मानेवरची धूळ पुसत होते. त्यांनी विचारले, इतक्या लांब जाऊन काय पाहायचे आहे? मी सांगितले की एक दगड आहे, आठशे वर्षांपूर्वीचा, त्यावर मापाऱ्याचा उल्लेख आहे. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, मापाई काय होती त्याची? मी म्हटले, अर्धी. अर्धी त्याची, अर्धी मठाची, आणि माप मठाचे. बाबांनी बोटांवर काही तरी मोजल्यासारखे केले. माप त्यायचं, मेहनत याची, ते म्हणाले, अर्धी मंजे बरी हाय. आणि चाळीसगावची गाडी किती वाजता असते, ते त्यांनी विचारले.